गुळण्या, दुसरा आवाज

माणसाला सुरात गुळण्या करता येतात. हे मी ऐकीव सांगत नाही, मोजून सांगते. तोंडात पाणी जास्त झालं की सूर बुडतो, कमी झालं की नुसता घसा ओरडतो. दोन छोटे चमचे कोमट पाणी आणि नजर छताकडे, एवढं सांभाळलं तर कुठलाही धडधाकट माणूस तीन सूर तरी स्वच्छ लावू शकतो. आमच्या सोसायटीचे अध्यक्षकाका दोनच लावतात, पण ते सगळ्याच बाबतीत तसे आहेत.

हे ज्ञान मिळवण्यासाठी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेलं नाही. ते मला मामामुळे मिळालं.

मामा दातांचा डॉक्टर, आणि स्वभावाने विनोदी. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात हा अन्याय आहे. तो स्वतःच सांगायचा, "अगं, तीस वर्षं विनोद केले. एक माणूस हसला नाही. हसणार कसा? तोंड उघडं, त्यात माझे दोन्ही हात, आरसा, आणि ती थुंकी ओढणारी नळी. 'आँ आँ' एवढंच म्हणायचे बिचारे. आता ते आँ आँ म्हणजे हसू होतं की कळ, हे मला आजतागायत कळलेलं नाही."

हे सांगतानाही तो हसत असे, त्यामुळे ते त्याला किती लागलंय ते आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दवाखाना बंद केल्यावर मामा दर आठवड्याला सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या विभागात फुकट दात तपासायला जाऊ लागला. तिथली खुर्ची मोठ्यांच्या मापाची. मुलाला बसवायचं तर खाली तीन उशा, आणि खुर्ची मागे झुकवली की मूल उशांसकट घसरत थेट पायाच्या टोकाला. मामा सांगायचा, "मी एका हाताने दात बघतो, दुसऱ्या हाताने पोराला वर ओढतो. दंतवैद्य आहे की विहिरीतून बादली काढतोय, कळत नाही." लहान मुलांची खास खुर्ची मिळते, पण रुग्णालयाच्या खरेदीत तिचा नंबर पंखे, पडदे आणि नवीन पाटीच्या मागे होता. तेव्हा मामाने ठरवलं की खुर्चीसाठी आपण निधी उभा करायचा. आणि तो रेकॉर्ड काढून उभा करायचा. विनोदी गाण्याची रेकॉर्ड. खरीखुरी, काळी, गोल, सुई लावून वाजणारी.

"अरे, सरळ लोकांकडे मागून घे ना पैसे," आई म्हणाली. आई मामाची थोरली बहीण, त्यामुळे तिचं म्हणणं तो लगेच ऐकतो आणि लगेच सोडून देतो.

"ताई, मागितले तर लोक देतात आणि विसरतात. गाणं विसरत नाहीत."

या खुळाचं मूळ मला माहीत होतं. मामाकडे एक जुनी छोटी रेकॉर्ड आहे. कुठल्याशा छोट्या गावातल्या अग्निशमन दलाने ती काढलेली. त्यांच्याकडची पाण्याची नळी फाटली होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्या मंडळींनी फाटक्या नळीवरच गाणं रचलं. बादल्या वाजवल्या, घंटा वाजवली, नळी तोंडाला लावून तिच्यातून भोंग्यासारखा आवाज काढला. शेवटच्या कडव्यात शिडीवर उभं राहून ताल देणारा त्यांचा म्होरक्या धाडकन खाली पडतो. मग क्षणभर शांतता, आणि मग कुणीतरी विचारतं, "लागलं का?" आणि तो खालूनच शेवटची ओळ म्हणतो. त्यांनी ते तसंच ठेवलं. कदाचित दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करायला सवड नसेल. मला आवडणारं कारण वेगळं आहे: त्यांना कळलं असावं की याहून चांगलं पुन्हा जमणार नाही.

लहानपणी मी ती रेकॉर्ड हजारदा ऐकली असेल. आता मी आवाज मोजायचं काम करते आणि आमच्या क्षेत्रात गोंगाटाची साधी व्याख्या आहे, नको असलेला आवाज. त्या व्याख्येने ती अख्खी रेकॉर्ड गोंगाट ठरते. तरी तिच्यात काहीतरी आहे. पैसे काय, कुणीही देतं. ही माणसं आपली अब्रू दान करतात, आणि तीही तालात. गणवेशातला करारी माणूस एका फाटक्या नळीसाठी आपणहून हास्यास्पद व्हायला उभा राहतो आणि ते काम तो आग विझवण्याइतक्याच गांभीर्याने करतो. असं काही ऐकलं की मला उगाचच माणसांबद्दल बरं वाटू लागतं.

तर मामाने गाणं लिहिलं. गाणं म्हणते दाढ.

*मी नाही निघणार, मी नाही निघणार,*
*जबड्यात जन्मले, जबड्यात राहणार!*
*शेजारच्या दातांची नाही तक्रार,*
*डॉक्टर, तुमचंच का दुखतंय फार?*

यावर दात कोरायचं मशीन उत्तर देणार, उतरत्या तीन सुरांत, समजूत घातल्यासारखं. आणि मशीनला उत्तर देणार गुळण्यांचा कोरस, चढत्या तीन सुरांत, साफ नाही म्हटल्यासारखं. शेवटी दाढ निघते आणि स्टीलच्या वाटीत टुण्णकन पडते.

"मशीन सुरात कसं वाजणार?" मी विचारलं.

"ते माझ्यावर सोड. तू गुळण्यांचं बघ. तू शास्त्रज्ञ ना?"

मी शास्त्रज्ञ नाही. घरगुती उपकरणांचा आवाज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी कनिष्ठ तंत्रज्ञ आहे. पण मामाने म्हटलं की ते खोडून काढायचं धैर्य होत नाही.

सोसायटीच्या सभागृहात तालीम करायची ठरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, गुळणी हा स्वरच नव्हे. अध्यक्षकाका म्हणाले, दाढेऐवजी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर गाणं करा, विषय ज्वलंत आहे. दुसऱ्या मजल्यावरून सूचना आली की विनोदी गाण्यात शेवटी बोध हवा. बोध काय असावा यावर जी चर्चा झाली तीत दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

मग अध्यक्षकाकांनी नियम काढला. सभागृहात पाण्याचा वापर फक्त फरशी पुसण्यासाठी. गुळण्यांसाठी वापरायचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी.

"काका, दोन चमचे पाणी लागतं एका माणसाला," मी म्हणाले.

"आज दोन चमचे. उद्या कुणी आंघोळ करील. पायंडा पडतो, पोरी, पायंडा."

मामाने त्यांना बाजूला नेलं आणि विचारलं, "डावीकडची वरची कॅप कशी आहे हो? त्रास नाही ना?" या शहरातल्या निम्म्या तोंडांत मामाचं काम आहे आणि ते सगळं त्याला तोंडपाठ आहे. काकांनी जिभेने कॅप चाचपली, जरा विरघळले, आणि म्हणाले की ते स्वतः कोरसमध्ये असतील तर देखरेखीखाली पाणी वापरायला हरकत नाही. अशा रीतीने आम्हाला दोन सुरांचा माणूस मिळाला.

गाण्याच्या बाई आठवडाभर खिडकीत उभ्या राहून आमची तालीम ऐकत होत्या. नंतर म्हणे त्यांना ते असह्य झालं. हातात पेला घेऊन खाली आल्या, एक गुळणी केली, आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. इतकी शुद्ध गुळणी मी त्यानंतरही ऐकलेली नाही. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हं. आता सगळ्यांनी ताठ बसा. विनोद करायचा म्हणून बेसूर करायचं, हे माझ्यासमोर चालणार नाही." दाढेचं गाणंही त्यांनीच आपल्याकडे घेतलं.

आणि आई? "एवढं शिकवलं ते काय चुळा भरायला?" असं म्हणत रोज मला न्यायला येणारी आई चौथ्या तालमीला पहिल्या आवाजात भरती झाली. माझा सूर तिच्याहून जरा खाली, म्हणून मी दुसऱ्या आवाजात. कोरसमध्ये मी फक्त मार्गदर्शक असणार होते हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "मार्गदर्शन तोंडात पाणी घेऊनही करता येतं."

ध्वनिमुद्रण कुठे करायचं हा प्रश्न मात्र मीच सोडवला, आणि तिथेच माझी चूक झाली. आमच्या प्रयोगशाळेत एक निःशब्द खोली आहे. भिंती, छत, सगळीकडे स्पंजाचे लांब दात; जमिनीच्या जागी ताणलेली जाळी. तिथे प्रतिध्वनी म्हणून नाही. मिक्सर, पंखे, कपडे धुण्याची मशिनं आम्ही तिथे एकेक करून तपासतो. सुट्टीच्या दिवशी ती वापरायला आमच्या साहेबांनी परवानगी दिली, कारण त्यांचा पुढचा दात मामाने बसवलाय.

परवानगी साहेबांची, पण दार नोंदणीवाल्यांचं. ते खुर्चीत बसून आम्हा सातजणांकडे आणि पाण्याच्या तांब्याकडे पाहत म्हणाले, "खोलीत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला नमुना क्रमांक लागतो."

"ही माणसं आहेत," मी म्हणाले.

"आत जाऊन आवाज करणार ना?"

"हो."

"आणि तुम्ही तो मोजणार?"

"हो, म्हणजे..."

"मग नमुना." त्यांनी संगणक उघडला. "प्रकार तीनच आहेत. वारा घालणारे, दळणारे, धुणारे. ही मंडळी काय करणार?"

"तोंडात पाणी घेऊन खळखळ..."

"धुणारे," ते म्हणाले, आणि एकेकाच्या छातीवर चिकटपट्टी लावून त्यांनी आम्हाला आत सोडलं. नियमाविरुद्ध काही घडलं नाही याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी तिथे रोज काम करते. माझ्याही छातीवर लावली.

निःशब्द खोलीत पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला स्वतःचं शरीर ऐकू येतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. दार बंद झालं आणि अध्यक्षकाका पांढरे पडले.

"हा कसला आवाज?"

"तुमचं पोट आहे, काका."

"रोज असतं हे?"

"रोज."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!" ते जाळीवर खाली बसले. गाण्याच्या बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "पोटाला ताल आहे तुमच्या. तोच धरा."

मग मामाने मशीन काढलं. त्याचा हवेचा पंप आम्ही बाहेर ठेवून लांब नळी आत घेतली होती. मामाच्या एका हातात मशीन, दुसऱ्या हातात प्लास्टरचा जबडा. तो आवाज सुरू होताच मी मापन यंत्रावर नजर लावली. असा उंच, टोकदार सूर माणसाच्या कानाला सर्वांत जास्त टोचतो, त्यावर आमच्याकडे तक्तेच आहेत. आणि मग मामाने मशीन प्लास्टरच्या दाढेवर हलकेच टेकवलं. दाब पडला की फिरणारं टोक मंदावतं, सूर उतरतो. सोडला की चढतो. मामाने तो दाबत दाबत तीन पायऱ्या खाली आणला, इतक्या नेमक्या की बाईंनी मान डोलावली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तीस वर्षं हे सूर त्याच्या हातात होते आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी खुर्चीचे हात घट्ट धरलेले होते. मी मापन यंत्राकडे बघायचं सोडून मामाकडे बघत राहिले. चष्मा नाकावर उतरलेला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एका प्लास्टरच्या दाढेची तो एवढ्या मायेने समजूत घालत होता की मला पटलं, आता ती निघेल.

कोरस झाला, दाढ वाटीत पडली, अध्यक्षकाका अर्ध्या मात्रेने मागे राहिले. बाई म्हणाल्या, "पुन्हा." मामा म्हणाला, "नाही. हे राहू दे." मला शिडीवरून पडलेला म्होरक्या आठवला.

दुसऱ्या दिवशी संगणकाने आपणहून सात अहवाल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले. माझ्यात 'दोष नाही, परंतु कंप जास्त' असं होतं. अध्यक्षकाकांचा शेरा होता, 'यंत्रात पाणी अडकते. पुढील भाग उघडून स्वच्छ करावा.' ते हा कागद घेऊन त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी म्हणे तो दोनदा वाचला आणि औषध लिहून दिलं.

आता रुग्णालय. तिथल्या कार्यालयात कारकून म्हणाले, "गाण्याचं उत्पन्न? तसं शीर्षक नाही आमच्याकडे." देणगी म्हणून घ्यावं तर देणगीदाराचं नाव लागतं, आणि रेकॉर्ड विकत घेणारा देणगीदार नव्हे, ग्राहक. बरेच हेलपाटे झाल्यावर कारकुनांना आमची दया आली. त्यांनी रेकॉर्ड हातात घेऊन वाकवून पाहिली. "प्लास्टिक आहे ना हे? मग 'भंगार विक्री'त बसतं." मामाने त्यांचे मनापासून आभार मानले. मला ते जिव्हारी लागलं. पण ते तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. रुग्णालयाच्या समितीने गाणं ऐकून लेखी कळवलं की निधी घेऊ, मात्र सदर गाणं मुलांच्या विभागात वाजवू नये, कारण त्यात मशीनचा आवाज आहे आणि मुलं त्या आवाजाला भितात.

मामा माझ्याकडे वळला. "तुला काय वाटतं?"

मला जे वाटत होतं ते तक्त्यांत होतं. "तो आवाज टोचतो, मामा. शास्त्र समितीच्या बाजूने आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.

रेकॉर्ड छापून दिल्या होत्या एका कारखानदाराने, ज्यांची अक्कलदाढ मामाने काढली होती. मुखपृष्ठावर आम्हा सातजणांचा फोटो, गाल फुगलेले, नजरा छताकडे. मागे नावं छापली. मला 'ध्वनिशास्त्रीय मार्गदर्शन' असं हवं होतं, पण तेवढी जागा नव्हती. 'गुळण्या, दुसरा आवाज: डॉक्टरांची भाची' असं छापलं गेलं. प्रयोगशाळेत आता मला याच नावाने ओळखतात. साहेबही बैठकीत म्हणतात, "दुसरा आवाज, तुमचं मत काय?"

रेकॉर्ड वाजवायचं यंत्र शहरात मामा सोडून कुणाकडेच नाही, हे आमच्या लक्षात छापून झाल्यावर आलं. तरी प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलं. मामाचे जुने पेशंट आले होते. तीस वर्षं ज्यांना त्याने बोलू दिलं नव्हतं ते सगळे एकदम बोलत होते. मामाच्या स्वतःच्या यंत्रावर गाणं लागलं आणि लोक खो खो हसले. मशीन वाजलं तेव्हा हसले, अध्यक्षकाका मागे राहिले तेव्हा टाळ्या पडल्या. मामा भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. हसणारी, मोकळी, हात नसलेली तोंडं.

नंतर एक जाडसर गृहस्थ दोन रेकॉर्ड बगलेत घेऊन त्याच्याकडे आले. "डॉक्टर, तुम्ही एवढे विनोदी आहात हे माहीतच नव्हतं हो!"

"का? तुमच्या रूट कॅनॉलच्या वेळी मी तो बोक्याचा विनोद नव्हता का सांगितला?"

"तो विनोद होता?" गृहस्थ चकित झाले. "मला वाटलं, माझ्या हिरड्यांची परिस्थिती सांगताय. मी घरी जाऊन रडलो होतो."

सगळे गेल्यावर मामा खुर्च्या रचू लागला. मीही त्याला मदत करायला लागले.

"हसले ना गं बरेच?"

"खूप हसले."

"मग तू सांग. तू मोजणारी. हे धरायचं का?"

मी 'धरायचं' म्हणायला हवं होतं. कुणीही तेच म्हणालं असतं. पण मामा मला शास्त्रज्ञ म्हणतो. त्याला खोटं सांगितलं असतं तर मी उरलेच काय असते?

"सगळे ओळखीचे होते, मामा. सगळ्यांच्या तोंडात तुझं काम आहे. नमुना निष्पक्ष नाही. तुला न ओळखणारं कुणीतरी हवं, ज्याला तुझ्यासाठी हसायचं नाही."

"बरोबर," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "आणि तसा माणूस दातांच्या डॉक्टरकडे मोकळ्या तोंडाने येत नाही." त्याने खुर्च्यांची रास भिंतीशी सरकवली आणि दिवा बंद केला.

घरी आईला सांगितलं तर ती माझ्यावर भडकली. "मोजत बैस तू! तुझ्या मामाला आयुष्यात एकच गोष्ट विचारायची होती."

रेकॉर्ड मात्र खपल्या. वाजवता येत नव्हत्या तरी खपल्या. कुणी भिंतीवर लावली, कुणी भेट दिली. फोटोतले सात फुगलेले गाल पाहूनच लोक हसायचे आणि पाकीट काढायचे. कारकुनांनी सगळी रक्कम भंगार विक्रीत चढवली. एका वर्षात एवढं भंगार निघालेलं पाहून वरून विचारणा आली म्हणतात, पण तोवर खुर्ची येऊन बसली होती. छोटी, निळी, कुणी घसरू नये अशी.

खुर्चीच्या पहिल्या दिवशी मामाने मला बोलावलं. समितीला खोलीतल्या आवाजाची नोंद हवी होती, म्हणून मी माझं मापन यंत्र घेऊन गेले. आमच्यात तेव्हापासून जरा अवघडलेपण होतं. तो म्हणाला, "उभी राहा त्या कोपऱ्यात." मी उभी राहिले.

पहिली पेशंट म्हणून एक सात-आठ वर्षांची मुलगी आली. वॉर्डच्या सिस्टर तिला घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर, सांभाळून. ही चावते. मागच्या दोघांना चावलीय."

मुलगी खुर्चीत बसली. घसरली नाही. मामाने तिचं तोंड उघडलं, कापूस ठेवला, थोडं पाणी सोडलं. विनोद वगैरे काही केला नाही. मुकाट्याने मशीन सुरू केलं. तो उंच, टोकदार सूर. मुलीची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट झाली. माझीही यंत्रावर झाली.

मामाने मशीन दाढेला टेकवलं. आणि त्याच्या नकळत, माझी खात्री आहे की नकळतच, त्याचा हात सवयीने तीन पायऱ्या उतरला. समजूत घातल्यासारखा.

मुलीचे डोळे मोठे झाले. मामाने मशीन उचललं. तोंड उघडंच, त्यात मामाचं बोट, आरसा, नळी, तळाशी थोडं पाणी. अशा अवस्थेत तिने मान मागे टाकली आणि घशातून उत्तर दिलं. खळखळत, चढत्या तीन सुरांत. साफ नाही म्हटल्यासारखं.

तो माझा भाग होता. दुसरा आवाज. आणि तिने तो माझ्यापेक्षा चांगला घेतला.

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "अडगळीत एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता," त्या खिडकीला म्हणाल्या. "पोरं संध्याकाळी रडतात. लावते कधी कधी. समितीला संध्याकाळी सुट्टी असते."

मामाने हळूच मशीन पुन्हा टेकवलं. तीन सूर खाली. मुलीने तीन सूर वर. या वेळी शेवटच्या सुराला तिचं पोट हललं, खांदे हलले, नळी नाकाकडे उडाली, आणि ती हसली. आँ आँ नाही. तोंडातल्या सगळ्या सामानासकट, कापसासकट, खदाखदा हसली, आणि हसताना माणसाचा जबडा जे करतो ते तिच्या जबड्यानेही केलं.

"आई गं!" मामा ओरडला.

"बघा! म्हटलं होतं ना, चावते म्हणून!" सिस्टर धावल्या.

"थांबा, थांबा!" मामाने बोट वर धरलं. हातमोज्यावर चिमुकल्या दातांची ओळ उमटली होती. "हा चावा वेगळा आहे. ही हसताना चावली! हसताना!"

मुलीने कापूस बाहेर काढला आणि संशयाने विचारलं, "तुम्हाला पण येतं ते गाणं?"

"थोडं थोडं," मामा म्हणाला.

"दाढवाली बाई खूप हट्टी आहे," ती म्हणाली. "मला आवडते." मग तिने कापूस आपला आपणच परत ठेवला आणि तोंड उघडलं.

मामा माझ्याकडे वळला. चष्मा पुन्हा नाकावर उतरलेला. "मोजलंस?"

मी हातातल्या यंत्राकडे पाहिलं. बटण दाबायचं राहून गेलं होतं. माझ्या नोकरीत ही अक्षम्य गोष्ट आहे. "नाही, मामा," मी डोळे पुसत म्हणाले. "मी हसत होते."

"तुझं धरायचं नाही," मामा म्हणाला. "तू ओळखीची आहेस." त्याने तो हातमोजा जपून काढला, न टाकता खिशात ठेवला, नवा चढवला आणि मशीन उचललं.